पंधरवड्याचा पतंग आणि चार शतकांचा मासा





नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेत मृतांच्या स्मरणाचा. 2 नोव्हेंबरला आपण कबरस्तानात जातो, कबरी धुतो, झेंडूची फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि फादर पवित्र पाणी शिंपडत पुढे सरकतात तेव्हा आपापल्या माणसाजवळ उभे राहतो. उभे असताना नजर आपोआप दगडावरच्या तारखांकडे जाते. एका दगडावर जन्म आणि मृत्यू यांच्यामध्ये नव्वद वर्षे. शेजारच्या लहानशा दगडावर दोन्हीकडे एकच साल.

आजारी आणि शोकातल्या घरांना भेटी देण्याचे काम आम्ही स्वयंसेवक करतो. या घरांतून दोन प्रश्न आमच्या कानांवर वारंवार पडतात. पहिला, तरुण माणूस गेलेल्या घरातला: "एवढ्या लवकर का?" दुसरा, अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांचा: "अजून का नाही? देवाच्या यादीतून माझं नाव गळलं की काय?" पहिला प्रश्न रडत विचारला जातो. दुसरा पुष्कळदा हसत विचारला जातो, पण विचारणाऱ्याचे डोळे हसत नसतात.

या प्रश्नांवर आपल्या समाजात दोन तयार उत्तरे आहेत. तरुण गेला की म्हणायचे, "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात." कुणी नव्वदी गाठली की म्हणायचे, "मोठी पुण्याई हो, देवानं भरभरून दिलं." दोन्ही वाक्ये प्रेमाने बोलली जातात, यात शंका नाही. पण ती शेजारी ठेवून पाहा. पहिले खरे मानले, तर नव्वदीची आजी चांगली नव्हती म्हणून मागे राहिली का? दुसरे खरे मानले, तर बाविसाव्या वर्षी गेलेल्या मुलाची पुण्याई कमी पडली का? एका घराचे सांत्वन करणारे वाक्य दुसऱ्या घराला टोचते. याचे कारण असे की दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: आयुष्याची लांबी म्हणजे देवाने लावलेला हिशेब.

ईयोबाच्या मित्रांचीही हीच समजूत होती. दहा लेकरे एकाच दिवशी गमावलेल्या माणसासमोर बसून ते हिशेब मांडत होते. ईयोबाने त्यांना काय सुचवले ते बाराव्या अध्यायात आहे. जनावरांकडे जा, पाखरांकडे जा, समुद्रातल्या माशांकडे जा आणि त्यांच्याकडून शिका, असे तो त्यांना सांगतो. या महिन्यात आपण त्याचा सल्ला मानू या. एका पतंगाकडे आणि एका माशाकडे जाऊ या.

पतंग

पतंग आहे ॲटलास. गोव्यात आणि पश्चिम घाटाच्या जंगलांत पावसाळ्याच्या दिवसांत तो कधीकधी दिव्याच्या उजेडाने घराच्या भिंतीवर येऊन बसतो आणि मग शेजारपाजारचे सगळे त्याचा फोटो काढायला जमतात. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत वीतभराहून जास्त, मोठ्या मादीचे जवळपास 24 सेंटिमीटर. रंग विटकरी-तपकिरी, प्रत्येक पंखावर काचेसारखी पारदर्शक त्रिकोणी खिडकी आणि वरच्या पंखाच्या टोकाला सापाच्या तोंडासारखा आकार. आपल्या दक्षिणेकडच्या घाटात जो दिसतो त्याला अभ्यासक ॲटलासच्या अगदी जवळची, पण वेगळी जात मानतात. दोघांची राहणी मात्र एकच.

या पतंगाला खाता येत नाही. त्याच्या तोंडाचे अवयव खाण्याच्या कामाचेच नसतात. फुलावर बसून मध पिणे नाही, पानावरचे दव चाखणे नाही. अळी असताना त्याने दालचिनीची, पेरूची, लिंबाची पाने रात्रंदिवस खाल्लेली असतात. ती अळी बोटाएवढी जाड आणि साधारण अर्ध्या वितीएवढी लांब होईपर्यंत वाढते, मग रेशमाचा कोश विणून त्यात महिनाभर किंवा त्याहून जास्त राहते. बाहेर येतो तो पतंग. अळीने साठवलेल्या चरबीवर तो एक ते दोन आठवडे जगतो आणि शिदोरी संपली की मरतो.

या पंधरवड्यात तो काय करतो? मादी कोशापासून फार लांब जात नाही. जवळच्या फांदीवर बसते आणि रात्री हवेत एक गंध सोडते. नराच्या डोक्यावर पिसांसारख्या दोन मिशा असतात. त्या मिशांनी तो गंध काही किलोमीटरांवरून ओळखतो आणि अंधारात माग काढत येतो. मीलनानंतर मादी पानांच्या खालच्या बाजूला शेकड्याने अंडी घालते. त्या अंड्यांतून बाहेर येणाऱ्या अळ्यांना त्यांची आई कधीच दिसत नाही. तिने फक्त एवढे केलेले असते की अंडी योग्य झाडाच्या पानावर ठेवलेली असतात. लेकरांनी डोळे उघडले की जेवण समोर असते.

मासा

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. शार्क आपल्या लोकांना परका नाही. कोकणात आणि गोव्यात त्याच्या लहान जातींना मुशी, मोरी म्हणतात, आणि मोरीचे आंबट-तीक ज्या घरात होते त्या घरात त्या दिवशी भात जास्त लागतो. पण आपण ज्याच्याबद्दल बोलतो आहोत तो ग्रीनलंड शार्क या ताटातला नाही. त्याचे ताजे मांस विषारी असते. आइसलंडचे लोक ते आंबवून आणि मग महिनोन् महिने वाळवूनच खातात.

हा मासा उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकच्या थंडगार पाण्यात राहतो, दोन हजार मीटरपेक्षाही खोल उतरतो. लांबी पाच मीटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त. पोहणे इतके संथ की पायी चालणारा माणूस त्याच्या पुढे निघून जाईल. वाढ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर. एवढी हळू वाढ आणि एवढी मोठी लांबी पाहून हा मासा फार जुना असणार असा अंदाज होता, पण वय मोजायचे कसे? झाडाच्या खोडात वर्तुळे असतात, पुष्कळ माशांच्या हाडांतही तशा खुणा असतात, पण या शार्कच्या अंगात अशी खुण उमटेल असा टणक भागच नाही.

त्याचे उत्तर डोळ्यात सापडले. डोळ्यातल्या भिंगाचा अगदी आतला गाभा पिल्लू आईच्या पोटात असतानाच तयार होतो आणि नंतर आयुष्यभर तसाच राहतो. कोपनहेगन विद्यापीठाचे युलियुस नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 28 माद्यांच्या भिंगांतला किरणोत्सारी कार्बन तपासला आणि 2016 साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. सर्वांत मोठी मादी 502 सेंटिमीटर लांब होती आणि तिचे वय अंदाजे 392 वर्षे निघाले. अंदाजात 120 वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात, तरी कमीत कमी 272 वर्षे धरावीच लागतात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतका दीर्घायुषी दुसरा माहीत नाही. या माशाच्या मादीला पिल्ले होण्याजोगे वय येते तेच सुमारे दीडशेव्या वर्षी.

392 हा आकडा धरला तर ती मादी 1620 च्या आसपास जन्मली. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना ते साल अनोळखी नाही. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले, येथील भाषा शिकले, आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली राचोल येथे छापले गेले. जवळपास अकरा हजार मराठी ओव्या. 1619 साली ते वारले. म्हणजे ते डोळे मिटत होते त्याच सुमारास दूर उत्तरेच्या अंधाऱ्या पाण्यात त्या माशाने डोळे उघडले असतील, आणि तो आपल्या डोळ्यांदेखतच्या काळापर्यंत जिवंत होता.

दोघे शेजारी शेजारी

आता पतंग आणि शार्क यांना शेजारी ठेवून ते तयार हिशेब लावून पाहा.

शार्कला चार शतके मिळाली ती बक्षीस म्हणून नव्हे. थंड पाणी, मंद शरीर, हळू वाढ यांचा त्याच्या दीर्घायुष्याशी मोठा संबंध आहे असे अभ्यासक सांगतात. ही चार शतके सुखाचीही नसतात. पुष्कळ ग्रीनलंड शार्कच्या डोळ्यांवर एक परजीवी जीव येऊन चिकटतो, लटकत राहतो आणि डोळ्याच्या पुढच्या पडद्याला इजा करतो. मासा त्याला झटकू शकत नाही. वासाच्या आधारे अन्न शोधत तो अंधारात फिरतो. दीर्घायुष्य त्याचे संरक्षणही करत नाही. यकृताच्या तेलासाठी या माशाची शतकानुशतके शिकार झाली, आणि ज्या 28 माद्यांवरून आपल्याला हे ज्ञान मिळाले त्या दुसरेच मासे धरायला टाकलेल्या जाळ्यांत सापडून मेल्या होत्या. इतकी वर्षे जगून शेवट चुकून लागलेल्या जाळ्यात.

आणि पतंगाला पंधरा दिवस मिळाले ते शिक्षा म्हणूनही नव्हेत. त्याच्याकडे वेळ कमी आहे, पण करायचे असते ते सगळे तो त्या वेळात करतो. त्याने साठवले ते राखून ठेवायला नव्हते, खर्च करायलाच होते. शुभवर्तमानात प्रभू संपत्तीबद्दल बोलताना कसरीचा दाखला देतो (मत्तय 6). तिथली कसर साठवलेल्या वस्त्रांचा नाश करते. हा तिचा भाऊबंद मात्र अंगातला शेवटचा कण दुसऱ्यांसाठी मोकळा करून जातो.

दोघांनाही घडवणारा एकच आहे. 104 वे स्तोत्र वाचा. त्यात जमिनीवरचे प्राणी आहेत, विशाल समुद्रातले अगणित लहानमोठे जीव आहेत, आणि ते सगळे वेळेवर अन्न मिळावे म्हणून एकाच हाताकडे पाहतात. त्या हाताने एकाला पंधरवडा दिला, एकाला चार शतके. स्तोत्रकार कुणाला जास्त आणि कुणाला कमी असे म्हणत तुलना करत नाही, सगळ्यांवरून एकदम स्तुती करतो.

मथुशलहाचेही असेच. उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात त्याचे वय 969 वर्षे लिहिले आहे. बायबलमधले सर्वांत दीर्घ आयुष्य. एवढ्या वर्षांत त्याने काय केले? त्याला मुले झाली आणि तो मरण पावला, यापलीकडे पवित्र शास्त्र काही सांगत नाही. उलट प्रभू येशूचे जाहीर कार्य सुमारे तीन वर्षांचे, आणि त्यावर चार शुभवर्तमाने लिहिली गेली. काळाची लांबी आणि जगण्याचे वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बायबल असे न बोलता दाखवते.

म्हणूनच 90 व्या स्तोत्रातली मोशेची प्रार्थना लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. माणसाची सत्तर-ऐंशी वर्षे कशी उडून जातात हे तो सांगतो, पण त्यानंतर वर्षे वाढवून मागत नाही. दिवसांची मोजदाद कशी करावी ते शिकव, म्हणजे शहाणपण येईल, अशा अर्थाचे मागणे मागतो.

जिथे तुलना थांबते

इथपर्यंत आलो की लेख संपवायचा मोह होतो. पण ज्या आईचा मुलगा गेला आहे तिला पतंगाची गोष्ट सांगून चालेल का? नाही चालणार, आणि का नाही हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

पतंगाचे पंधरा दिवस हे त्याच्या जातीचे पूर्ण आयुष्य आहे. बावीस वर्षे हे माणसाचे पूर्ण आयुष्य नाही. कॉलेजची बॅग खुंटीला तशीच राहते, ठरलेले लग्न राहते, म्हाताऱ्या आईबापांचा आधार जातो. तिथे काहीतरी खरोखर तुटलेले असते आणि निसर्गातला कुठलाही दाखला ते सांधत नाही. कोशातून बाहेर येणारे फुलपाखरू किंवा पतंग हे पुनरुत्थानाचे चित्र म्हणून आपण मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात दाखवतो. मुलांसाठी ते छान आहे. पण तो पतंगही दोन आठवड्यांत मरतो. आपली आशा कोशावर उभी नाही, पास्काच्या सकाळी रिकाम्या सापडलेल्या कबरेवर उभी आहे.

प्रभूने स्वतः अशा घरी काय केले ते आठवा. नाईन गावाच्या वेशीवर विधवेच्या एकुलत्या एका मुलाची अंत्ययात्रा समोर आली (लूक 7). त्याने तिला कारण सांगितले नाही. तिचा कळवळा येऊन तो थांबला आणि तिरडीला हात लावला. लाजराच्या कबरेशी (योहान 11) तो आता याला उठवणार आहे हे त्याला ठाऊक होते, तरी तो रडला. आपल्याला पुनरुत्थानाची श्रद्धा आहे म्हणून रडू नये, असे कुणी म्हणत असेल तर त्याने हा अध्याय पुन्हा वाचावा.

नाताळच्या कथेतही दोन्ही टोके आहेत, आपले तिकडे लक्ष जात नाही एवढेच. मत्तयाच्या शुभवर्तमानात बेथलेहेमची लहान बालके आहेत, हेरोदाने मारलेली. दोन वर्षांची आणि त्याहून लहान. ख्रिस्तसभा 28 डिसेंबरला त्यांना निष्पाप बालके म्हणून संतांत मानते. त्यांनी प्रवचन केले नाही, कुणाला पत्र लिहिले नाही, पुष्कळांना तर बोलताही येत नसणार. लूकच्या शुभवर्तमानात शिमोन आणि हन्ना आहेत. हन्ना अनेक वर्षांची विधवा, चौऱ्याऐंशीचा आकडा तिच्याबाबत लिहिलेला. इतकी वर्षे मंदिरात प्रार्थना आणि उपास. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असेल, ही बाई अजून कशासाठी आहे? आणि एके दिवशी एक गरीब जोडपे बाळ घेऊन आले. शिमोनाच्या थकलेल्या हातांत ते बाळ विसावले आणि हन्ना भेटेल त्याला त्याच्याविषयी सांगत सुटली. काही महिन्यांचे आयुष्य आणि ऐंशी वर्षांची वाट पाहणे, दोन्ही त्याच एका बाळाभोवती उभे आहेत. कुणाचेच नाव यादीतून गळलेले नाही.

म्हणून "देव मला विसरला का?" असे विचारणाऱ्या आजीला आम्ही उपयोगाची यादी देत नाही. तिचे आयुष्य उपयोगी ठरले तरच त्याला अर्थ, असे तिला वाटायला नको. कुणीही पाहत नाही अशा काळ्या पाण्यात तो शार्क शतकानुशतके जगला आणि 2016 पर्यंत माणसाला त्याचे वयही माहीत नव्हते. देवाला माहीत होते. बाजारात कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमण्यांतली एकही देवाच्या विस्मरणात जात नाही असे प्रभू सांगतो (लूक 12). मग आजी कशी जाईल?

आपल्या पॅरिशसाठी

या महिन्यात आपण सगळे मिळून चार गोष्टी करू या.

एक. ती दोन तयार वाक्ये बंद करू या. शोकाच्या घरी गेलो की बोलायला काही सुचले नाही तरी चालते. बसावे. चहाची भांडी घासून द्यावीत. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे. नाव टाळले की घरच्यांना तो माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखे होते.

दोन. अंथरुणावरच्या वडीलधाऱ्यांना ख्रिस्तशरीर पोहोचवायला जाताना पाच मिनिटे जास्त ठेवावीत. पहिल्या कम्युनियनची तयारी करणाऱ्या मुलांची नावे कागदावर लिहून त्यांना द्यावीत आणि म्हणावे, "आजी, यांच्यासाठी माळ म्हणाल का?" प्रार्थना करणाऱ्या माणसांची गरज पॅरिशला खरोखरच आहे, म्हणून मागायचे.

तीन. महिन्याच्या मिस्सेपर्यंत शोकाच्या घरी माणसांची ये-जा असते, त्यानंतर दार शांत होते. वर्षश्राद्धाची मिस्सा असो, गेलेल्या मुलाचा वाढदिवस असो, ती तारीख वहीत लिहून ठेवावी आणि त्या दिवशी एक फोन करावा.

चार. पतंगाकडून आपल्यापैकी प्रत्येकाने एक शिकावे. त्याला पुढे खायला मिळणार नसते, म्हणून मिळते त्या वेळी तो साठवतो आणि नंतर हात न आखडता देऊन टाकतो. भावाशी बोलणे बंद असेल तर या महिन्यात बोलावे. पाप-निवेदन राहिले असेल तर करून घ्यावे. देणे राहिले असेल तर द्यावे. आपल्या हाती पंधरवडा आहे की अर्धे शतक, हे सांगितलेले नाही.

प्रार्थना

हे जीवनदात्या परमेश्वरा, पंधरा दिवसांच्या पतंगाला तू पंख दिलेस आणि अंधाऱ्या समुद्रातल्या माशाला शतके दिलीस. आमच्यातून लवकर गेलेल्यांना तुझ्या प्रकाशात घे आणि त्यांच्या आईवडिलांजवळ बस, जसा तुझा पुत्र लाजराच्या बहिणींजवळ थांबला. जे दीर्घकाळ वाट पाहत आहेत त्यांना शिमोन आणि हन्ना यांचा धीर दे, आणि त्यांच्या दाराशी आमची पावले वळव. आम्हांला मिळालेले दिवस मोजायला आणि देऊन टाकायला शिकव. हे आम्ही मागतो, कबरेतून उठलेल्या आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने. आमेन.